एमा शाळेत जाते तेव्हा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेलं भाषण)



आपल्या व्याख्यानमालेत आजवर ज्ञानेश्वरी झाली, मधुमेह झाला, आयकरही झाला. यंदा युवा समितीनं विषय दिला तो म्हणजे जुन्या प्रेमकादंबऱ्यांवरून काढलेले शाळकरी मुलामुलींचे इंग्रजी सिनेमे. बैठकीत यावर दोन तट पडले. ज्येष्ठ मंडळींचं म्हणणं, हे सिनेमे म्हणजे अभिजात पुस्तकांची थट्टा आहे, आणि मुलं सिनेमा पाहून पुस्तक वाचल्याचं समाधान करून घेतात. मुलांचं म्हणणं, दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या चहापानाशी आम्हाला काय करायचंय? शेवटी तडजोड म्हणून मला उभं केलं. मी साहित्याचा अभ्यासक नाही, डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला माणूस आहे. पण आमच्या कामात ब्लॉक मिळेपर्यंत तासन्‌तास बसून राहावं लागतं आणि तेवढ्या वेळात माणूस बरंच वाचू शकतो.

माझं म्हणणं थोडक्यात आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला प्रसादाच्या तयारीला उठायचं असेल तर उठता येईल. प्रत्येक प्रेमकथेत एक भिंत असते. ती नसेल तर दोघं पहिल्याच प्रकरणात लग्न करून मोकळे होतील आणि प्रकाशकाचं दिवाळं निघेल. कथा एका काळातून दुसऱ्या काळात न्यायची असेल तर कपडे बदला, घोडागाडीच्या जागी मोटार आणा, काही हरकत नाही. पण जुनी भिंत जिथे होती तिथे आजच्या माणसाचं डोकं खरोखर फुटेल अशी भिंत उभी केली पाहिजे. पुठ्ठ्याची चालणार नाही.

हे आपल्याला नवं नाही. पु. ल. देशपांड्यांनी बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून १९७५ साली ‘ती फुलराणी’ केलं. ते नाटक, कादंबरी नव्हे; पण उदाहरण चांगलं आहे. शॉच्या नाटकात फुलं विकणारी मुलगी आणि वरचा वर्ग यांच्यामध्ये तिची बोली उभी असते. ही भिंत मराठीतही तितकीच पक्की आहे हे पुलंनी ओळखलं, म्हणून भक्ती बर्वे यांची मंजुळा इंग्लंडातून आल्यासारखी वाटली नाही. आपल्याला तर हे समजावून सांगायलाच नको. इथली आपली मुलं लग्नाकार्याला पुण्याला जातात आणि ‘मी चालली जाते’ म्हणाली की तिथली भावंडं कशी एकमेकांकडे पाहतात, ते सगळ्यांनी अनुभवलंय. याच ‘पिग्मॅलियन’च्या कल्पनेवर अमेरिकेत १९९९ साली ‘शीज ऑल दॅट’ नावाचा शाळेतला सिनेमा निघाला. त्यात एका साध्यासुध्या मुलीला शाळेची राणी करून दाखवायची पैज लागते. भिंत कसली? तर ती चष्मा लावते, रंगकाम करते आणि केस नीट ठेवत नाही. चष्मा काढला, केस कापले, जिना उतरून खाली आली की भिंत गायब! मुलगी पहिल्यापासून सुंदरच होती हे थिएटरात सगळ्यांना दिसत असतं, फक्त पडद्यावरच्या लोकांना दिसत नसतं. हा पुठ्ठा.

आता मुख्य सिनेमाकडे येतो. जेन ऑस्टिनची ‘एमा’ डिसेंबर १८१५ मध्ये आली, पहिल्या पानावर साल १८१६ छापलेलं आहे. हायबरी नावाचं गाव. एमा वुडहाऊस ही तिथल्या सर्वांत वरच्या घरातली, जवळजवळ एकवीस वर्षांची मुलगी. आई नाही, वडील सदा तब्येतीची काळजी करणारे. पैसा आहे, रूप आहे, अक्कलही आहे, काम मात्र काही नाही. मग ती लोकांची लग्नं जुळवायला घेते. हॅरिएट स्मिथ नावाची सतरा वर्षांची मुलगी तिच्या हाती लागते. हॅरिएटचे आईबाप कोण हे कुणाला ठाऊक नाही. कुणीतरी पैसे भरून तिला बोर्डिंग शाळेत ठेवलेलं आहे. रॉबर्ट मार्टिन हा कुळानं शेती करणारा कष्टाळू तरुण तिला मागणी घालतो, तिलाही तो आवडतो. पण एमा तिच्याकडून नकार लिहून घेते, कारण आपल्या मैत्रिणीनं शेतकऱ्याशी लग्न करावं हे तिला कमीपणाचं वाटतं. त्याऐवजी गावचे पाद्री मि. एल्टन यांच्याशी हॅरिएटचं जुळवायचा घाट ती घालते आणि एल्टन तर एमावरच डोळा ठेवून असतात. हे सगळं पाहून एमाला खडसावणारा एकटाच माणूस म्हणजे शेजारचे जमीनदार मि. नाइटली, तिच्याहून सोळा वर्षांनी मोठे.

‘क्लूलेस’ हा सिनेमा अमेरिकेत १९ जुलै १९९५ रोजी लागला. लेखन-दिग्दर्शन ॲमी हेकरलिंग या बाईंचं. त्यांनी १९८२ साली ‘फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय’ हा शाळेवरचाच सिनेमा केला होता, म्हणजे ही दुनिया त्यांना पुरती माहीत. नायिकेचं नाव शेर. ते एका गायिकेवरून ठेवलंय. आपल्या वाघसिंहांशी संबंध नाही. बेव्हर्ली हिल्समधली, जेमतेम सोळाची, वडील मोठे वकील, आई नाही. ॲलिशिया सिल्व्हरस्टोननं हे काम असं केलंय की पोरीचा राग यावा आणि येऊ नये. सिनेमाच्या श्रेयनामावलीत ऑस्टिनचं नावच नाही. ज्याला कादंबरी ठाऊक नाही त्याला आपण दोनशे वर्षांपूर्वीची गोष्ट पाहतोय अशी शंकाही येत नाही.

आणि तरीही एकेक सांधा जागच्या जागी आहे. हॅरिएटच्या जागी टाय नावाची दुसऱ्या शहरातून आलेली, वेगळ्या बोलीची मुलगी. एमा हॅरिएटचं चित्र काढते आणि एल्टन ते चौकट करायला लंडनला घेऊन जातात. इथे शेर टायचा फोटो काढते आणि एल्टन नावाचाच मुलगा तो आपल्या कपाटावर लावतो. दोन्हीकडे त्याला काढलेल्या चेहऱ्यापेक्षा काढणारीत रस असतो. एल्टन घोडागाडीत एमाला मागणी घालतात. इथला एल्टन मोटारीत शेरवर घसरतो, आणि ती झिडकारते तेव्हा तिला रात्री एकटीला सोडून निघून जातो. तिथे चोर पिस्तूल दाखवून तिला लुटतो. हॅरिएटला जिप्सी घेरतात. टायला मॉलमध्ये दोन पोरं कठड्यावरून खाली लोंबकळवतात. नृत्याच्या वेळी हॅरिएटचा अपमान होतो तेव्हा नाइटली पुढे होऊन तिच्याशी नाचतात. इथे ते काम जॉश करतो. जॉश म्हणजे शेरच्या वडिलांच्या पूर्वीच्या बायकोचा मुलगा, कॉलेजात शिकणारा. हे नातं ऐकून आपल्याकडच्या आज्या कानावर हात ठेवतील, पण रक्ताचं नातं काही नाही आणि नाइटलींचंही एमाशी घरोब्याचंच नातं होतं.

सर्वांत हुशारीचा सांधा फ्रँक चर्चिलचा. कादंबरीत एमा ज्याच्याबरोबर हसते-खिदळते त्या फ्रँकचा साखरपुडा गुपचूप दुसरीशी झालेला असतो. आजच्या शाळेत गुप्त साखरपुडा कोण करणार? हेकरलिंगबाईंनी विचार केला की या मुलाचं शेरशी काही होणं अशक्य आहे आणि ते तिला कळत नाही, एवढंच हवंय. म्हणून त्यांचा ख्रिश्चन समलिंगी आहे. सगळ्यांना कळतं, शेरला सर्वांत शेवटी कळतं. आमच्याकडे गेज कन्व्हर्जन होतं तेव्हा स्लीपर, रूळ बदलतात, पुलांचं काम निघतं, पण गाडी ज्या गावांना जायची त्याच गावांना जाते. हे तसं काम आहे.

गाव सोडून शाळाच का, याचं मला वाटतं ते उत्तर सांगतो. ऑस्टिननं आपल्या भाचीला पत्रातून सल्ला दिला होता की कादंबरीला खेड्यातली तीन-चार कुटुंबं पुरतात. असं बंदिस्त गाव आज शहरात कुठे उरलंय? शेजारी आवडला नाही तर माणूस घर बदलतो. पण शाळेत मात्र रोज तीच माणसं. कोण कुठल्या बाकावर बसतो, कुणाबरोबर डबा खातो, यावरून त्याची पायरी ठरते, ती सगळ्यांना पाठ असते, आणि परीक्षा संपेपर्यंत सुटका नाही. शाळा हे हायबरीच आहे.

इथवर सिनेमाची बाजू मांडली. आता जे गळलं त्याबद्दल बोलतो, कारण मला त्यातच जास्त बोलायचंय.

‘एमा’त मिस बेट्स नावाची एक बाई आहे. अविवाहित, मध्यम वयाची, अखंड बडबड करणारी. तिच्या बोलण्याला सगळं गाव कंटाळतं. तिचे वडील हायबरीचे पूर्वीचे पाद्री. पाद्र्याला चर्चकडून घर असतं. रेल्वेच्या माणसांपुढे बोलतोय, तेव्हा सरळ क्वार्टर म्हणतो. वडील गेले, क्वार्टर गेलं. आता ते नव्या पाद्र्याचं, म्हणजे एल्टन यांचं. मिस बेट्स म्हाताऱ्या आईला घेऊन गावातच वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. नाइटली त्यांना आपल्या साठवणीतली शेवटची सफरचंदं पाठवून देतात, एमाच्या घरून खाण्याची वस्तू जाते, आणि त्या बाईचे आभार संपता संपत नाहीत. तिची भाची जेन फेअरफॅक्स एमापेक्षा हुशार, एमापेक्षा चांगला पियानो वाजवणारी. पण पैसा नाही म्हणून परक्या घरात मुलांची शिकवणीण व्हायची वेळ तिच्यावर आलेली.

एका सहलीत, बॉक्स हिलवर, सगळ्यांनी काहीतरी चतुर बोलावं किंवा तीन कंटाळवाण्या गोष्टी बोलाव्यात असा खेळ निघतो. मिस बेट्स भाबडेपणानं म्हणते की कंटाळवाण्या तीन मला सहज जमतील. त्यावर एमा सर्वांसमोर तिला टोमणा मारते की अडचण एवढीच, एका वेळी तीनच बोलता येतील. मिस बेट्सला अर्थ कळायला क्षणभर लागतो, मग तिचा चेहरा उतरतो. तरी ती रागावत नाही. मीच कंटाळवाणी असणार, असंच ती म्हणते. परत निघताना नाइटली एमाला सुनावतात त्याचा मथितार्थ असा, की ती तुझ्या बरोबरीची असती तर मी काही बोललो नसतो. पण ती गरीब आहे, चांगल्या दिवसांतून खाली आलीय आणि वय वाढेल तशी आणखी खाली जाणार आहे. एमा गाडीत रडत घरी जाते.

कादंबरीतली खरी भिंत ही आहे. लग्न झालं नाही आणि पैसा नसला तर बाईचं काय होतं, हे ऑस्टिन मिस बेट्सच्या रूपानं गावाच्या मधोमध बसवून ठेवते. हॅरिएटकडून मार्टिनला नकार लिहून घेताना एमा तिला कुठल्या वाटेवर ढकलत होती, हे त्या बाईकडे पाहून कळतं.

‘क्लूलेस’मध्ये मिस बेट्स नाही, जेन फेअरफॅक्सही नाही. हेकरलिंगबाईंना त्या ठेवताच आल्या नसत्या. अमेरिकेतल्या सोळा वर्षांच्या मुलीला लग्न करायचंच नसतं, मग न झाल्याची भीती कुठून येणार? सिनेमाच्या शेवटी लग्नाचा मांडव दिसतो आणि क्षणभर वाटतं शेरचंच लग्न, पण ते तिच्या दोन शिक्षकांचं असतं. सोळाव्या वर्षी लग्न ही कल्पनाच शेर हसण्यावारी नेते. त्यामुळे रॉबर्ट मार्टिनच्या जागी आलेला ट्रॅव्हिस हा स्केटबोर्डवाला मुलगा टायला मिळो न मिळो, तिचं आयुष्य काही बुडणार नसतं.

तरी बाईंनी बॉक्स हिल पूर्ण सोडलेलं नाही. सिनेमात एक छोटा प्रसंग आहे, मुलांनी पुन्हा पाहावा. घरी काम करणाऱ्या लुसीला शेर सांगते की माळ्याशी तूच बोल, मला तुमची मेक्सिकन भाषा येत नाही. लुसी संतापून निघून जाते. जॉश सांगतो की ती मेक्सिकोची नाही, एल साल्वादोरची आहे. इतकी वर्षं घरात वावरणाऱ्या बाईचा देश शेरला ठाऊक नाही. मिनिटभराचा प्रसंग, पण आज कॅलिफोर्नियात टोमणा कुणाला आणि कुठे लागतो हे तिथे नेमकं पकडलंय. माझी तक्रार एवढीच की सिनेमा तिथे थांबत नाही. एमा दुसऱ्या दिवशी सकाळी मिस बेट्सच्या जिन्याची पायरी चढते. लुसीच्या वाट्याला असं कुणी येताना दाखवलेलं नाही.

आता ‘ईझी ए’. हा सिनेमा २०१० चा, दिग्दर्शक विल ग्लक, नायिका एमा स्टोन (ही दुसरी एमा). आधार नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या १८५० सालच्या ‘द स्कार्लेट लेटर’चा. त्या कादंबरीत सतराव्या शतकातल्या बॉस्टनमध्ये हेस्टर नावाच्या बाईला लग्नबाह्य मूल होतं. बाप कोण हे ती सांगत नाही, आणि गाव तिला आयुष्यभर छातीवर लाल ‘ए’ अक्षर वागवायची शिक्षा देतं. बाप असतो गावचा आदरणीय धर्मगुरू, तो व्यासपीठावर प्रवचनं करत असतो. सिनेमात ऑलिव्ह ही शाळकरी मुलगी मैत्रिणीपाशी एक खोटी बढाई मारते, तिसरी ती ऐकते, आणि दुपारपर्यंत शाळाभर होते. मग काही मुलं येऊन तिला विनवतात की माझ्याबरोबरही तुझं नाव जोडलं जाऊ दे, म्हणजे मला भाव येईल. ती दयेपोटी होकार देत जाते. मुलांची किंमत वाढते आणि तिची घसरते. शेवटी ती स्वतःच कपड्यावर लाल ‘ए’ शिवून शाळेत येते. ज्येष्ठांसाठी एक गंमत सांगतो. पुस्तक न वाचता सिनेमा पाहून भागवणाऱ्यांची टर हा सिनेमाच उडवतो, आणि याच कादंबरीवरच्या १९९५ च्या सिनेमाला तर तो धू धू धुतो.

इथेही पुठ्ठा थोडा आहेच. हेस्टरच्या कडेवर मूल आहे, ऑलिव्हनं काही केलेलंच नाही, त्यामुळे खरं सांगितलं की ती सुटते. तिचे आईवडील समजूतदार आणि विनोदी आहेत, हेस्टरला कुणीच नव्हतं. पण मुख्य भिंत मात्र दगडी आहे. नाव दोघांचं घेतलं जातं आणि खराब एकीचंच होतं. दोन वर्षांपूर्वी आपल्याच उत्सवातल्या नाटकाच्या तालमीला येणारी एक मुलगी मधूनच यायची थांबली. का, ते या सभागृहातल्या बहुतेकांना ठाऊक आहे; ग्रुपवरचा तो मेसेज पुढे पाठवणारेही इथे आहेत. तिच्याबरोबर ज्याचं नाव घेतलं गेलं तो मुलगा नाटकात होता आणि त्याला उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं. बक्षीस देताना टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. ती आता बाहेरगावी शिकते आणि गणपतीत घरी येत नाही.

(इथे थोडा वेळ सभागृहात शांतता होती, म्हणून पाणी पिऊन पुढे सुरू केलं.)

हिंदीत ‘एमा’चं रूपांतर २०१० सालीच झालं, ‘आयशा’. दिग्दर्शिका राजश्री ओझा, नायिका सोनम कपूर, नाइटलींच्या जागी अभय देओल. खरं सांगायचं तर या सिनेमाला अमेरिकेतल्या सिनेमापेक्षा सोपं जायला हवं होतं. लग्न जुळवणं हा आपल्याकडे आजही जिवंत उद्योग आहे. अमृता पुरीची शेफाली हरियाणातल्या बहादुरगडहून दिल्लीला येते, तिचं लग्न जमवायचं असतं, आणि दिल्लीतल्या श्रीमंत इंग्रजी वर्तुळात तिचं बोलणं-चालणं उठून दिसतं. दगड, चुना, सगळं सामान हाताशी होतं. अमृता पुरीनं काम इतकं जीव लावून केलंय की ती पडद्यावर असेपर्यंत भिंत दिसते. पण कॅमेरा कपड्यांवर आणि पर्सांवर फार रेंगाळतो, आणि बहादुरगड हसण्यापुरतं उरतं. अमित त्रिवेदींची गाणी मात्र छान.

त्याउलट २००० सालचा राजीव मेननचा तमिळ ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ पाहा. तब्बू आणि ऐश्वर्या राय बहिणी आहेत. शाळकरी मुलांचा सिनेमा नव्हे तो, पण ऑस्टिनच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’वरचा आहे. आजोबांच्या मृत्युपत्रापायी आई-मुलींना कराईकुडीचा मोठा वाडा सोडून चेन्नईत नोकऱ्या शोधाव्या लागतात. घर हातचं जाणं ही गोष्ट कराईकुडीत आणि १८११ च्या इंग्लंडात सारखीच दुखते, त्यामुळे मेनन यांना भिंत शोधावी लागली नाही, होती तिथेच मिळाली.

‘क्रुएल इंटेन्शन्स’बद्दल युवा समितीनं विचारलं होतं. १७८२ च्या फ्रेंच पत्रकादंबरीवरचा आहे, न्यूयॉर्कच्या श्रीमंत मुलांचा आहे, आणि आईवडिलांबरोबर बसून पाहायचा नाही. एवढं पुरे.

बैठकीतल्या वादाचं काय, तर सिनेमा आधी पाहिलात तरी माझी हरकत नाही. ‘क्लूलेस’ पाहून ‘एमा’ उघडली तर माणसं ओळखीची वाटतात, वाचायला सोपं जातं. फक्त एक काळजी घ्या. मिस बेट्स बोलायला लागली की पानंच्या पानं चालतात, ती उलटू नका. फ्रँक त्यांच्या घरी म्हातारीचा चष्मा दुरुस्त करत का बसलाय, जेन कुठल्या निमित्तानं पत्रं आणायला जाते, असले धागे त्या बडबडीत पडलेले आहेत. फ्रँकचा साखरपुडा कुणाशी झालाय हे तिचं नीट ऐकलं तर आधीच कळू शकतं. हायबरीत ते कुणी ऐकत नाही.

शनिवारी आरतीनंतर साडेआठला याच हॉलमध्ये ‘क्लूलेस’ दाखवणार आहोत. खाली इंग्रजी अक्षरं येतील, त्यामुळे पुढच्या खुर्च्या ज्येष्ठांसाठी ठेवाव्यात.

गणपती बाप्पा मोरया!